पाणी, चाक आणि पाऊल

धाराशिवहून तुळजापूर वीस-बावीस किलोमीटरवर आहे. मोटारीने गेले तर अर्ध्या-पाऊण तासात माणूस पोहोचतो आणि वाटेतले चढ-उतार त्याच्या लक्षातही राहत नाहीत. तेच अंतर सायकलवरून कापायचे, तेही नुकतेच पाण्यातून बाहेर आलेल्या ओल्या अंगाने, आणि सायकल ठेवताच आणखी पाच किलोमीटर धावायचे, असे ठरले तर बालाघाटच्या त्या ओळखीच्या रस्त्याचा प्रत्येक चढ मोजावा लागतो. ‘स्प्रिंट ट्रायथलॉन’ या क्रीडाप्रकाराचे स्वरूप थोडक्यात असे आहे. सलग ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. पन्नास मीटरच्या जलतरण तलावात ७५० मीटर म्हणजे पंधरा लांब्या होतात, आणि ४०० मीटरच्या मैदानावर ५ किलोमीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. तिन्ही टप्पे एकामागून एक, मध्ये घड्याळ न थांबता.

हा खेळ केवळ पदके मिळविणाऱ्या तरुणांचा आहे, असा समज आपल्या व्यापारी कुटुंबांत सहज आढळतो. त्याचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात मिशन बे नावाची खाडी आहे. तेथे २५ सप्टेंबर १९७४ रोजी, कामकाजाच्या दिवशी सायंकाळी, सॅन दिएगो ट्रॅक क्लबच्या जॅक जॉन्स्टोन आणि डॉन शॅनाहन या दोन सभासदांनी धावणे, सायकल व पोहणे अशी एक एकत्रित शर्यत भरविली. आधुनिक ट्रायथलॉनचा आरंभ याच सायंकाळपासून मानला जातो. धावणे सहा मैल, सायकल पाच मैल आणि पोहणे पाचशे यार्ड, तेही तुकड्या-तुकड्यांनी. प्रवेशमूल्य एक डॉलर होते आणि सायकल ज्याची त्याने आणायची होती. शर्यतीचे नाव इतके नवे होते की, विजयचिन्हे घडविणाऱ्याने स्पेलिंग विचारले तेव्हा जॉन्स्टोन यांना ते शब्दकोशातही सापडले नाही.

त्या दिवशी सेहेचाळीस माणसे उतरली. त्यांत अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स पत्नी ज्युडी व मुलांसह सहभागी झाले होते. कॉलिन्स पस्तिसावे आले. सेहेचाळिसांत पस्तिसावा क्रमांक काही मिरविण्यासारखा नव्हे. परंतु हे दांपत्य तो अनुभव विसरले नाही. पुढे हवाई बेटांवर बदली झाल्यावर १८ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांनी आरंभिलेली शर्यत आज जगभर ‘आयर्नमॅन’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पूर्ण केली. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला, तर स्वतः कॉलिन्स यांना सुमारे सतरा तास. नोकरी सांभाळून, मुलाबाळांना सोबत घेऊन, मधल्या-शेवटच्या क्रमांकांवर धावणाऱ्या माणसांनी हा खेळ उभा केला. सन २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले, ही पुढची गोष्ट.

आपल्या जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, या बाजारपेठेचा उल्लेख ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक ग्रंथात आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जातो, असे त्यात नोंदले आहे. त्या काळचा व्यापारी रस्त्यावरचा माणूस होता. आजचा व्यापारी गादीवर बसलेला असतो. मोंढ्यात सौदा, दुकानात गिऱ्हाईक, सायंकाळी रोजमेळ, रात्री दूरध्वनी. सोयाबीनचा वा तुरीचा हंगाम आला की जेवणाची वेळही हातात राहत नाही. चाळिशी उलटता-उलटता कंबर रुंदावते आणि साखर, रक्तदाब यांची नावे घरात रोजच्या बोलण्यात येऊ लागतात. अशा माणसासाठी या खेळाचा विचार करण्यासारखा आहे, तो यामुळेच.

पहिल्यांदाच उतरणाऱ्या अशा एखाद्या दुकानदाराची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. अंधारातच तो स्पर्धेच्या जागी पोहोचतो. दंडावर क्रमांक लिहिला जातो, घोट्याला वेळ मोजणारी चकती बांधली जाते, डोक्यावर रंगीत रबरी टोपी चढते. सायकल ठरलेल्या आडव्या दांडीला अडकवून तिच्याशेजारी हेल्मेट, बूट आणि पाण्याची बाटली तो मांडून ठेवतो. मग इतरांसोबत काठावर उभा राहतो. समोर पाणी असते आणि दूरवर नारिंगी रंगाचे तरंगते बोये. तेथपर्यंत जाऊन वळायचे आणि परत यायचे.

पहिली कसोटी पाण्याची. मराठवाड्यातील माणसाला ती दुहेरी कठीण आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या मुलखात पिण्याच्या पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो, तेथे पोहण्यासाठी पाणी मागणेही संकोचाचे वाटते. तरीही गावोगावच्या विहिरींनी आपल्या आधीच्या पिढ्यांना पोहणे शिकविले. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा हवाबंद डबा बांधून वडीलधारे मुलाला विहिरीत सोडत आणि काठावर उभे राहत. त्या शिक्षणाने माणूस बुडत नसे. परंतु विहिरीतले पोहणे आणि उघड्या जलाशयातले ७५० मीटर यांत मोठे अंतर आहे. विहिरीत चार हात मारले की काठ येतो. जलाशयात काठ येत नाही, तळ दिसत नाही, तलावातल्यासारखी काळी रेघही नसते. दिशा चुकू नये म्हणून दर आठ-दहा हातांनंतर डोके वर काढून बोया पाहावा लागतो. भोवती इतरांचे हातपाय लागतात, श्वास फुलतो, छाती दाटल्यासारखी होते. सरावलेल्या माणसाचाही पहिल्या शंभर मीटरांत धीर सुटू शकतो.

हा भाग सौम्य करून सांगणे योग्य नाही. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांत १९८५ ते २०१६ या काळात झालेल्या मृत्यूंचा व हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा १३५ घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. बळी पडलेल्यांत बहुसंख्य पुरुष होते आणि त्यांचे सरासरी वय सत्तेचाळिशीच्या आसपास होते. दर लाख सहभागींमागे हे प्रमाण दोनपेक्षाही कमी पडते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु वयाने वाढलेल्या पुरुषांत धोका अधिक असतो, हेही त्याच अभ्यासाने दाखविले. गादीवर बसून पंचेचाळीस वर्षांचा झालेला माणूस नेमका या वर्गात मोडतो. म्हणून क्रम पक्का असावा. आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी, मग प्रशिक्षकाच्या नजरेखाली तलावात सराव, आणि त्यानंतरच जीवरक्षक सोबत असताना उघडे पाणी. धरणाच्या वा साठवण तलावाच्या पाण्यात परवानगीविना, एकट्याने, हौसेने उतरणे हा सराव नव्हे.

पाण्यातील नियम मात्र नवख्याला आधार देणारे आहेत. कोणत्याही पद्धतीने पोहता येते. दम लागला तर पाठीवर वळून तरंगता येते. जीवरक्षकाच्या होडीला धरून विसावाही घेता येतो. अट एवढीच की, होडीने पुढे ओढून नेता कामा नये. विसावा घेतला म्हणून कोणी बाद होत नाही. हात वर करून मदत मागण्यात कमीपणा नाही, एवढे मनाशी आधी पक्के केले की निम्मी भीती काठावरच राहते.

पाण्यातून बाहेर येताच डोके हलके होते, पाय अडखळतात आणि त्याच अवस्थेत सायकलपर्यंत पळायचे असते. पोहणे संपवून सायकल घेण्याचा आणि सायकल ठेवून धावू लागण्याचा जो मधला वेळ, त्याला खेळाडू चौथा टप्पाच मानतात. येथील नियम काटेकोर असतात. हेल्मेट डोक्यावर ठेवून हनुवटीखालचा पट्टा लावल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही. आखलेली रेषा ओलांडल्याशिवाय सायकलीवर बसायचे नाही. घाईत हे विसरणाऱ्याला दंड होतो. वस्तू जागच्या जागी ठेवण्याची सवय असलेल्या दुकानदाराला हा टप्पा सर्वांत लवकर साधतो. अंधारातही हवी ती बरणी ज्याच्या हाताला लागते, त्याला मोजे आणि बूट शोधावे लागत नाहीत.

मग वीस किलोमीटर सायकल. पाण्याची भीती संपलेली असते, वारा अंगाला लागतो, आणि येथेच नवखा माणूस सर्वांत मोठी चूक करतो. पाण्यात मागे पडल्याची भरपाई करावी म्हणून तो सारे बळ पायडलवर ओततो. पुढे जाणारे दोघे-तिघे मागे पडले की त्याला विजयाचा भास होतो. प्रत्यक्षात तो भांडवल खात असतो. हंगामाच्या सुरुवातीला उधारीवर माल उचलून तेजीच्या भरवशावर बसणाऱ्याची जी गत होते, तीच या सायकलस्वाराची होते. येणे बाकीच राहते आणि देण्याची तारीख दारात येऊन उभी राहते.

ती तारीख म्हणजे धावण्याचा पहिला किलोमीटर. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले वाटत नाहीत. इतका वेळ गोल फिरलेल्या मांड्यांना आता शरीराचा भार पेलून पुढे पडायचे असते आणि त्या जड होतात. त्यावर उपाय एकच. सरावात आठवड्यातून एकदा तरी सायकलनंतर लगेच दहा-पंधरा मिनिटे धावावे, म्हणजे शरीर या बदलाला सरावते. आणि सायकलवर असताना थोडे बळ मुद्दाम शिल्लक ठेवावे. ज्याने ते ठेवले, तो तिसऱ्या किलोमीटरपासून माणसे मागे टाकू लागतो. त्याचा वेग वाढलेला नसतो, इतरांची शिल्लक संपलेली असते.

ही शिल्लक संपली म्हणजे काय होते, हे जगाने १९८२ च्या फेब्रुवारीत दूरचित्रवाणीवर पाहिले. ज्युली मॉस ही तेवीस वर्षांची विद्यार्थिनी व्यायामशास्त्रातील आपल्या अभ्यासासाठी म्हणून हवाईच्या आयर्नमॅनमध्ये उतरली होती. अखेरच्या टप्प्यापर्यंत ती महिलांत आघाडीवर होती. शेवटची रेषा समोर दिसत असताना तिच्या पायांनी साथ सोडली. ती पडली, उठली, पुन्हा पडली. तेवढ्यात कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून पहिली आली. ज्युलीने अखेरचे अंतर हातांवर व गुडघ्यांवर रांगत कापले आणि २९ सेकंदांनी दुसरी आली. त्या दृश्याने असंख्य सामान्य माणसे या खेळाकडे वळली. परंतु नव्याने उतरणाऱ्या गृहस्थाने त्यातून रांगण्याचा मोह घेऊ नये, शिल्लक ठेवण्याचा धडा घ्यावा. घरी त्याची वाट पाहणारी माणसे आहेत.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो. स्पर्धा पहाटे असते. सूर्योदयापूर्वी तोंडात काही न घालणाऱ्याने आणि सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्याने काय करावे? निरोगी माणसाच्या स्नायूंत व यकृतात साठलेली साखर साधारण दीड तासाच्या श्रमाला पुरते, आणि स्प्रिंट ट्रायथलॉनला नवख्याला दीड ते दोन तास लागतात. म्हणून आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वीचे जेवण महत्त्वाचे. भात, पोळी, मुगाचे वरण असे पचायला हलके आणि पिष्टमय अन्न पोटभर घ्यावे, पाणीही दिवसभर पुरेसे प्यावे. स्पर्धा सुरू होईपर्यंत सूर्य वर आलेला असतो. सायकलच्या टप्प्यात केळे, खजूर आणि मीठ-साखरेचे पाणी घेता येते. बाजारातील शक्तिवर्धक चघळगोळ्यांपैकी काहींमध्ये प्राणिज जिलेटिन असते, तेव्हा वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय त्या घेऊ नयेत. पाण्याविषयी मात्र हयगय नको. १९७८ च्या त्या पहिल्या हवाई शर्यतीत आघाडीवर असलेल्या जॉन डनबारच्या सोबत्यांकडील पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. आघाडी गेली आणि तो दुसरा आला. मधुमेहावरील इन्सुलिन वा गोळ्या चालू असलेल्यांनी उपाशीपोटी सराव करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. नियम आणि प्रकृती या दोहोंचा मेळ बसत नसेल, तर उशिरा सुरू होणारी स्पर्धा निवडावी. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते.

वेळ कोठून आणायचा, हा दुसरा प्रश्न. आठवड्यात दोन वेळा पोहणे, दोन वेळा सायकल आणि दोन वेळा धावणे, प्रत्येक वेळी पाऊण ते एक तास. दुकान उघडण्यापूर्वी हे बसते. चालण्या-धावण्याची थोडी सवय असलेल्याला तयारीला तीन-चार महिने पुरतात, पोहणे मुळापासून शिकायचे असेल तर अधिक. खर्चाचेही तसेच आहे. पहिल्या स्पर्धेला लाखाची सायकल लागत नाही. ब्रेक उत्तम असलेली, नीट तपासलेली साधी सायकल आणि चांगले हेल्मेट पुरते. महागडी सायकल आधी घेऊन ती माडीवर धूळ खात ठेवणे हे भांडवल अडकविणे आहे. आधी सहा महिने सराव टिकवावा, मग खरेदीचा विचार करावा.

व्यवसाय आणि खेळ एकत्र नांदू शकतात, याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांत ट्रायथलॉन नेमकी याच स्प्रिंट अंतराची होती. भारताकडून अहमदाबादची प्रज्ञा मोहन आणि पुण्याची संजना जोशी तेथे उतरल्या. प्रज्ञा सनदी लेखापाल आहे. सुवर्णपदक जिंकणाऱ्या बर्म्युडाच्या फ्लोरा डफीने शर्यत ५५ मिनिटे २५ सेकंदांत संपविली आणि आपल्या दोघी तिच्याहून दहा मिनिटांपेक्षा अधिक मागे होत्या. तरीही ताळेबंदाचे शिक्षण घेतलेली एक मुलगी या खेळात देशाच्या वतीने उभी राहू शकते, हे व्यापारी घरांतील लेकीसुनांना सांगण्यासारखे आहे. अभिनेते मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जुलै २०१५ मध्ये, झुरिकची पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. ते मूळचे राष्ट्रीय दर्जाचे जलतरणपटू. धावण्याकडे ते वळले ते वयाची तिशी सरता-सरता.

धाराशिव जिल्ह्याला मैदानाची परंपरा आहे. येथील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरची वाट पायी तुडविणारे हजारो भाविक हा जिल्हा दरवर्षी पाहतो. आपल्या घरांतही साधु-साध्वींच्या विहारात मैलोन्‌मैल सोबत चालणारी वयस्क मंडळी आहेत. चालण्याचे बळ येथे आहेच. उणीव आहे ती पोहणे शिकविणाऱ्या सुरक्षित तलावांची आणि पहाटे सोबत निघणाऱ्या चार जणांची. कोल्हापूर, गोवा अशा ठिकाणी मोठ्या ट्रायथलॉन भरतात. ऑक्टोबर २०१९ पासून गोव्यात आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची स्पर्धा सुरू झाली. तेथवर जाण्याआधी आपल्या गावच्या तलावात मुलांबरोबर वडिलांनीही पोहायला शिकावे, ही पहिली पायरी प्रत्येकाच्या आवाक्यातील आहे.

शर्यतीच्या अखेरीस निकालपत्रावर तीन टप्प्यांचे तीन आणि बदलाचे दोन, असे पाच आकडे छापलेले असतात. कोठे कमावले, कोठे गमावले, हे त्यांत स्वच्छ दिसते. दुसऱ्याच्या वहीशी ते ताडून पाहण्यात फारसे हशील नसते. आपल्याच मागील नोंदीशी ताडले तर पुढचे वर्ष कसे घालवावे ते कळते. पदक एका सकाळचे असते, पण त्यासाठी घालविलेल्या शंभर पहाटा शरीराच्या खात्यात जमा राहतात.

मिशन बे येथील त्या पहिल्या सायंकाळी शर्यत उशिरा सुरू झाली होती. शेवटचे स्पर्धक पोहत असताना अंधार पडला आणि त्यांना काठ दिसेना. तेव्हा काठावरच्या मंडळींनी मोटारी पाण्याकडे तोंड करून उभ्या केल्या आणि दिवे लावले. पहिले येणारे केव्हाच बाहेर आले होते. त्या उजेडात शेवटचा माणूस काठाला लागेपर्यंत लोक थांबून राहिले.